आपोआप

आप्पांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढलेल्या माणसाचं उतारवयात जे होतं, तेच त्यांचं झालं. पण यंत्र बरं आहे की आजारी, हे त्यांना कानाने कधी कळतच नव्हतं. ते तळहाताने कळायचं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादरींच्या कारखान्यांत ते जॉबर होते. जॉबर म्हणजे मागांचा वैद्य. एका शेडमध्ये चोवीस माग एकदम चालू, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, तिथे एका मागाचा आवाज वेगळा काढणार कोण? आप्पा मागाच्या लोखंडी चौकटीवर उजवा तळहात टेकवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि पाना मागायचे. सुट्टीच्या दिवशी आईबरोबर डबा पोचवायला जायचो तेव्हा मी हे दारातून पाहायचो. भुवयांवर सुताचे पांढरे तंतू साचलेले, आणि लोखंडावर टेकलेला तो हात.

मला लिहायचंय एका गाडीबद्दल, पण सुरुवात त्या हातापासूनच करावी लागते.

गाडी आहे मर्सिडीजची एसएलके 200, नोंदणी 2010 ची. गडद निळी, दोनच सीट, लांबलचक बॉनेट, मागच्या चाकांवर चालणारी. तिचा टप पत्र्याचा आहे आणि बटण दाबलं की 22 सेकंदांत घडी होऊन डिकीत जातो. गियरबॉक्स ऑटोमॅटिक, पाच गियरचा. मी ती 2021 मध्ये पुण्याहून घेतली, सेकंडहँड. नंबरप्लेट अजून एमएच 12 चीच आहे, कारण राज्यातल्या राज्यात गाडी नावावर झाली तरी नंबर बदलत नाही. आमच्या गल्लीतली मुलं तिला ‘पुण्याची गाडी’ म्हणतात. त्या वेळी तेवढ्या पैशांत नवीकोरी मध्यम आकाराची एसयूव्ही दारात आली असती. घरच्यांना, मित्रांना, ऑफिसातल्या पोरांनाही तेच बरोबर वाटत होतं. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि हीच घेतली.

दोन वर्षांचा असताना मला पोलिओ झाला. डावा पाय. गुडघ्याखाली तो वाढलाच नाही, आणि त्याला आधार द्यायला लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आलं. आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रुग्ण 2011 मध्ये सापडला. आजच्या मुलांनी वर्गात कॅलिपर घातलेला सोबती पाहिलेलाच नसतो, ही फार मोठी गोष्ट आहे. माझ्या वर्गात आम्ही दोघं होतो.

कोजागरीला सोलापूर तुळजापूरला चालत जातं, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो. पंचेचाळीस किलोमीटर, ठिकठिकाणी चहा, केळी, पायांना तेल चोळून देणारे लोक. आमच्या चाळीतली सगळी पोरं जायची. मी आप्पांच्या सायकलच्या कॅरियरवर. एकदा हिप्परग्याच्या तलावाजवळ मी हट्टाने खाली उतरलो आणि चालायला लागलो. किती चाललो आठवत नाही. आठवतं एवढंच, की आप्पा सायकल हातात धरून माझ्या वेगाने शेजारून चालत होते आणि एकदाही ‘बस आता’ म्हणाले नाहीत.

पुढे नोकरी, मग स्वतःचं कर सल्लागाराचं ऑफिस बाळीवेशीत, आणि या सगळ्या काळात मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर. त्या स्कूटरचे माझ्यावर उपकार आहेत. तिच्यावर मी लग्नाला मुलगी पाहायला गेलो, तिच्यावरच पुढे लेकीला शाळेत सोडलं. पण खड्ड्यातून जाताना तिची तीन चाकं तीन वेगवेगळ्या खड्ड्यांत जायची, आणि पावसाळ्यात माझी छाती धडधडायची. चारचाकी चालवायची इच्छा फार होती, पण मध्ये क्लच होता. क्लच डाव्या पायाचा. एका साध्या पत्र्याच्या पट्टीने, तीन इंच रुंद, मला अर्ध्या आयुष्यभर रस्त्याच्या कडेला ठेवलं. तेव्हा ऑटोमॅटिक गाड्या मिळत होत्या, पण थोड्या आणि महाग. 2012 मध्ये मी वापरलेली आय-10 ऑटोमॅटिक घेतली. तिच्यात पहिल्यांदा एकटा बसून विजापूर रोडला गेलो. सिग्नलला थांबलो तेव्हा माझा डावा पाय शांतपणे बाजूला पडून होता आणि त्याला कोणी काही विचारत नव्हतं. मला तिथे रडू आलं. पुढे 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि स्वस्त गाड्यांतही क्लचशिवायचा गियर आला. तेव्हा माझ्यासारख्या किती जणांची दारं उघडली असतील, असं मनात आलं.

आता स्पोर्ट्स कारबद्दल. ‘काय बे, एवढा पैसा घालून गियर टाकायची मजा पण नाही?’ असं माझ्या जिवलग मित्राने विचारलं. तो मनापासून विचारत होता, म्हणून मीही मनापासून उत्तर दिलं. स्पोर्ट्स कार म्हणजे गियरची दांडी, ही समजूत मला पटत नाही. रस्त्याला वळण येतं. ब्रेक लावल्यावर गाडीचं वजन पुढे सरकतं, पुढची चाकं रस्ता घट्ट पकडतात, स्टिअरिंगमध्ये तो भार बोटांना जाणवतो. वळण संपत आलं की उजव्या पायाने हलकेच पेट्रोल द्यायचं, मग मागची चाकं पाठीला ढकलतात. बसतो आपण जवळजवळ मागच्या चाकांच्या पुढ्यात, जमिनीला लागून, त्यामुळे गाडीचा मागचा भाग काय करतोय हे कंबरेला आधी कळतं आणि डोक्याला नंतर. या सगळ्यात क्लच कुठे आहे? ज्यांना तो हवा आहे त्यांना त्यात आनंद असेल, आणि तो खराच असणार. पण हा खेळ त्याच्यावाचून अडत नाही. मर्सिडीजनेच 1963 मध्ये 230 एसएल ही दोन सीटची उघडी गाडी काढली तेव्हा ती ऑटोमॅटिकमध्येही मिळत होती. फॉर्म्युला वनमध्ये फेरारीने 1989 साली स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गियर बदलणारी गाडी आणली आणि पहिलीच शर्यत जिंकली. आणि अलेक्स झानार्डी! 2001 च्या अपघातात या माणसाचे दोन्ही पाय गेले. 2005 मध्ये हाताने चालवायची सोय केलेल्या बीएमडब्ल्यूमधून त्याने जागतिक टूरिंग कार स्पर्धेतली शर्यत जिंकली. त्याचा फोटो माझ्या ऑफिसात आहे. माझे अशील सूतवाले, टॉवेलवाले; ते विचारतात हा कोण, आणि मी कामं बाजूला ठेवून सांगत बसतो.

गाडी शोधायला मला दीड वर्ष लागलं. या काळात पाहिलेल्या गाड्यांनी मला पुष्कळ शिकवलं. एक लाल गाडी होती, आरशासारखी चकचकीत, मीटरवर फक्त 22,000 किलोमीटर. पण ब्रेकच्या पेडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. एवढ्याशा चालीत पेडल असं झिजत नाही. दुसरीचे टायर जाड होते, नक्षी पूर्ण, पण कडेला चार आकडे होते 0911, म्हणजे 2011 च्या नवव्या आठवड्यात बनलेले. दहा वर्षांचं रबर दगडासारखं कडक होतं आणि ओल्या रस्त्यावर ते कोणाचंच नसतं. पॉलिश करायला एक दुपार पुरते, त्यामुळे चकाकी मी बघायचंच सोडलं. बघायचं ते जिथे गिऱ्हाइकाची नजर जात नाही तिथे: दाराच्या बिजागऱ्या, डिकीतल्या गालिच्याखालची ओल, टपाच्या कडेची पाणी वाहून जायची भोकं. जपलेली गाडी तिथे ओळखू येते.

पुण्याची ही गाडी एका निवृत्त डॉक्टरांची होती. कंबरेच्या दुखण्यामुळे त्यांना एवढ्या खाली बसून उठता येईना. त्यांनी आधी मला गाडी दाखवलीच नाही. चहा दिला आणि एक जाडजूड फाइल पुढ्यात ठेवली.

आता बिलं वाचणं हाच माझा धंदा. पंचवीस वर्षं मी लोकांच्या बिलांतून त्यांचं वर्ष वाचत आलोय. कोणाला घाई होती, कोणी लपवलं, कोणाकडे त्या वर्षी लग्न निघालं, हे मला आकड्यांवरून कळतं. त्या फाइलीत अकरा वर्षं होती, तारखेप्रमाणे लावलेली. दर वर्षी इंजिन ऑइल, गाडी कितीही कमी चालली असली तरी. दर दोन वर्षांनी ब्रेकचं ऑइल, कारण ते हवेतलं पाणी शोषून घेतं आणि मग ब्रेक मऊ पडतात. टपाच्या रबरांना लावायची पेस्ट, प्रत्येक पावसाळ्याआधी. आणि 2016 सालचं एक बिल, ज्याच्यावर मी थांबलो. गियरबॉक्सचं ऑइल, फिल्टर, पॅनचं गॅस्केट, आणि शेवटच्या ओळीत काही शेकड्यांचा एक सुटा भाग: तेरा पिनांचा प्लग.

या प्लगबद्दल सांगितलंच पाहिजे. या गाडीतला पाच गियरचा गियरबॉक्स मर्सिडीजने 1990 च्या दशकाच्या मध्यात आणला आणि तो मजबूत म्हणून ओळखला जातो. त्यातलं तेल आयुष्यभर बदलायला नको असा सुरुवातीला समज होता. अनुभवाने पुढे 60,000 किलोमीटरच्या आसपास ते बदलणं शहाणपणाचं ठरलं. पण त्याची एक दुखरी जागा आहे. गियरबॉक्सच्या आत जाणाऱ्या तारा ज्या प्लास्टिकच्या प्लगमधून जातात, त्याच्या रबरी कड्या वर्षांनी कडक होतात. मग तेल झिरपतं. नुसतं खाली गळलं असतं तर डाग दिसला असता. ते समईच्या वातीतून चढावं तसं तारांच्या आतून चढत जातं आणि थेट गियरबॉक्सच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतं. शेकड्यांच्या प्लगपायी हजारोंचा कॉम्प्युटर जातो. डॉक्टरांनी तो प्लग काही बिघडायच्या आधी, तेल बदलताना, स्वतः सांगून बदलून घेतला होता. बिलाच्या कडेला पेन्सिलने लिहिलं होतं, ‘तारा कोरड्या आहेत, पाहिल्या.’

मी फाइल मिटली आणि गाडी न बघताच मनात हो म्हटलं. नंतर खाली जाऊन रीतसर सगळं पाहिलंच, लिफ्टवरही घेतली, पण निर्णय त्या पेन्सिलच्या ओळीवर झाला होता. डॉक्टरांनी मला दोनच प्रश्न विचारले. गाडी सावलीत राहणार का, आणि चालवणार कोण. मी म्हणालो, मीच. त्यांनी माझ्या कॅलिपरकडे पाहिलं, मग म्हणाले, ‘मग बरोबर हातात चालली.’

सुरुवातीचे काही आठवडे गाडी माझी नव्हती. हा गियरबॉक्स चालवणाऱ्याच्या सवयींशी जुळवून घेतो. पेट्रोल कसं दिलं जातं, त्याप्रमाणे गियर कधी बदलायचा हे थोडं पुढेमागे करतो. मला सतत वाटायचं की मी पाय दाबतोय आणि गाडी डॉक्टरांच्या पायाची वाट बघतेय. ते लवकर वरचा गियर घेणारे, सावकाश माणूस असावेत. हळूहळू तिला माझा पाय कळला.

तिला सांभाळायचं सोलापुरात, हा वेगळाच अभ्यास. एप्रिल-मे मध्ये इथे पारा 43-44 ला जातो. रबर, प्लास्टिक, चामडं या तिघांचाही वैरी म्हणजे हे ऊन. मी घरामागे पत्र्याची शेड केली, पण पत्रा तापतो म्हणून आतून गवताचे तट्टे लावले. टपाची रबरं मी स्वतः पुसतो आणि पेस्ट लावतो, मार्चमध्ये एकदा आणि मृगाच्या आधी एकदा. बसून करायचं काम आहे, मला जमतं. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलं. ऊस आमच्याच जिल्ह्यातला, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळावेत हे मलाही वाटतं. पण 2010 ची रबरी नळी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून मी इंधनाच्या नळ्या दर सर्व्हिसला तपासून घेतो आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवत नाही. घरापासून हायवेपर्यंत सात गतिरोधक आहेत. प्रत्येकाची उंची मला पाठ आहे आणि कोणता तिरका घ्यायचा तेही.

आणि 2023 मध्ये ती एकदा अडली. पुण्याहून येताना मोहोळच्या अलीकडे गियर बदलणंच बंद झालं. दुसऱ्या गियरमध्ये अडकून बसली. मी कडेला घेतली, बंद करून चालू केली, थोडं अंतर बरी चालली आणि परत तेच. गियरबॉक्सला काही खटकलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी दुसऱ्या गियरमध्ये अडकवून घेतो, म्हणजे हळू का होईना, माणूस घरी पोचावा. मोहोळ ते सोलापूर मी चाळीसच्या वेगाने आलो, ट्रक मागून हॉर्न देत होते. ज्या गॅरेजात पहिल्यांदा दाखवली तिथे पाच मिनिटांत सांगितलं गेलं की गियरबॉक्स गेला, आख्खा बदला. आकडा ऐकून माझ्या बायकोचा चेहरा उतरला. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षाही डॉक्टरांच्या पेन्सिलच्या ओळीचं मला वाईट वाटत होतं. त्यांनी अकरा वर्षं सांभाळली आणि माझ्याकडे दोन वर्षांत मेली, असं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा म्हणाले, ‘खोलून बघितलं का कोणी?’ नव्हतं बघितलं. मग अक्कलकोट रोडला एक तरुण मेकॅनिक आहे, त्याच्याकडे गेलो. त्याने आधी स्कॅनर लावला. गियरबॉक्सच्या आत एक प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर फिरण्याचा वेग मोजणारे सेन्सर असतात. त्यातला एक मेला होता. बाकी सगळं ठणठणीत. ‘गियर चांगलेत सर, कायबी झालं नाही, फक्त डोळा गेलाय त्याचा,’ असं तो म्हणाला. ती पट्टी मागवायला आठ दिवस लागले.

ती बसवायच्या दिवशी आप्पांनी बरोबर यायचा हट्ट धरला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस गॅरेजात स्टुलावर बसला. तेल काढलं, लालसर, जळका वास नाही. पॅन उतरवली. मेकॅनिकच्या फळीवर दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा खोललेला व्हॉल्व्ह बॉडी पडला होता, तो त्याने आप्पांच्या हातात दिला. अॅल्युमिनियमचा जड ठोकळा, आणि त्याच्या अंगावर वेड्यावाकड्या वाटांचं जाळं कोरलेलं. आप्पांनी तो मांडीवर घेतला आणि बोट एका वाटेतून फिरवायला लागले. मी त्यांच्या वहीत लिहून समजावलं, कारण बोलून उपयोग नाही. या वाटांतून तेल जातं. कोणती वाट उघडी आणि कोणती बंद, यावरून आतले क्लच, पायाने नव्हे तर तेलाने चालणारे, दाबले जातात किंवा सुटतात, आणि तसा गियर बदलतो. त्यांनी वाचलं, बोट फिरवत राहिले, आणि म्हणाले, ‘जेकॉर्ड आहे की हे.’

मी दहा वर्षं ऑटोमॅटिक गाडी चालवतोय, त्याबद्दल मिळेल ते वाचलंय, पण हे मला सुचलं नव्हतं. सोलापुरी चादरीवरचा मोर कुठून येतो? मागाच्या माथ्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते, तेच जेकॉर्ड. जिथे भोक आहे तिथला धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो. फ्रान्समधल्या जाकारने 1804 च्या सुमाराला ही युक्ती पुरी केली आणि तिच्यावर आमचं गाव जगलं. विणणारा मोर विणत नाही. मोर आधीच कार्डांत पाडून ठेवलेला असतो. या ठोकळ्यातही तेच. कोणीतरी, कुठेतरी, टेबलापाशी बसून विचार करून ठेवलाय की चढ लागला तर काय, पाय झटक्यात दाबला तर काय, उतारावर काय. तो विचार अॅल्युमिनियममध्ये कोरून ठेवला. ठरवतो आता कॉम्प्युटर, पण जोर तेलाचाच. इंजिन आणि गियर यांच्यामधला दुवाही तेलाचाच: ताकाच्या डेऱ्यात एक रवी फिरवली आणि त्या फिरणाऱ्या ताकाने दुसरी रवी फिरली, असा. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन माणसाने 1905 साली तो जहाजांसाठी शोधला. म्हणून गाडी सिग्नलला थांबली तरी इंजिन बंद पडत नाही आणि माझ्या डाव्या पायाला कोणी हाक मारत नाही.

मी आप्पांना म्हणालो, म्हणजे लिहिलं, की लोक म्हणतात यात चालवणाऱ्याला काही करावं लागत नाही, सगळं आपोआप होतं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं नवख्या विणकराकडे पाहत असावेत. ‘आपोआप काय होत नसतं,’ ते म्हणाले. ‘कुणीतरी आदी करून ठिवलेलं असतंय.’

2025 मध्ये तिच्या नोंदणीला पंधरा वर्षं झाली. फिटनेसची तपासणी, हरित कर, मग पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण. तपासणाऱ्याने खाली वाकून बघितलं, वर आला, आणि परत एकदा वाकला. म्हणाला, ‘पंधरा वर्षांची वाटत नाही.’ मी ते डॉक्टरांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा संपल्यावर, एका पहाटे मी आप्पांना म्हटलं, चला तुळजापूरला. बसायची पद्धत दोघांची एकच: आधी पाठ आत, मग बसायचं, मग हाताने पाय उचलून आत घ्यायचे. मी माझा एक घेतला, त्यांनी त्यांचे दोन्ही. कानटोपी, मफलर, मांडीवर चादर, आणि टप उघडा. शहर सुटलं तसा उजेड फुटायला लागला. हिप्परग्याच्या तलावावर धुकं होतं आणि पाण्यावर पाखरांचे ठिपके. मी वेग कमी केला. त्यांनी मान वळवून रस्त्याच्या त्या कडेकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं काहीतरी बोलतील. बोलले नाहीत, फक्त उजवा हात चादरीतून काढला आणि आमच्या दोघांच्या मधल्या उंचवट्यावर, गियरच्या दांडीच्या मागे, पालथा टेकवला. खाली गियरबॉक्सच होता.

तामलवाडी गेली, घाट लागला. वळणं घेताना तो हात तिथेच होता. वर पोचलो, लांबूनच देवीला नमस्कार केला, टपरीवर चहा घेतला. तेव्हा आप्पांनी विचारलं, ‘गियर किती म्हणलास?’

मी पंजा दाखवला.

‘चार हायत.’

मी परत पंजा दाखवला. त्यांनी मान हलवली. ‘थांबलेली गाडी निघाली की मोजलं मी. टोलला एकदा, इथं चढताना त्या म्हशी आडव्या आल्या तवा एकदा. तीनदा बदलतंय. म्हंजी चार.’

मी चहाचा पेला ठेवला. त्यांचं बरोबर होतं. दांडीजवळ एक छोटं बटण आहे, त्याच्यावर एस आणि सी अशी दोन अक्षरं. सी म्हणजे आरामाची चाल, आणि त्या चालीत ही गाडी निघतानाच दुसऱ्या गियरमध्ये निघते, हिसका बसू नये म्हणून. पहिला गियर ती वापरतच नाही. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, मी वाचलंही होतं. पण चार वर्षं तिच्यात बसून मला ते कधी जाणवलं नव्हतं, आणि ऐकू न येणाऱ्या माणसाच्या तळहाताला एका फेरीत कळलं.

परत निघताना मी बटण एसवर केलं. काही सांगितलं नाही. आप्पांनी हात पुन्हा जागेवर ठेवला आणि डोळे मिटले. घाटाच्या खाली रस्ता मोकळा होता, सूर्य वर आला होता. मी गाडी पूर्ण थांबवली, मग पाय हलका दाबला. त्यांच्या डाव्या हाताची बोटं चादरीवर एकेक करून उघडत गेली. करंगळी. अनामिका. मधलं बोट. तर्जनी. मी वेग वाढू दिला. अंगठा बराच वेळ मिटलेला राहिला, तामलवाडीची पाटी दिसायला लागली, आणि मग तोही उघडला.